दोन कोरी पानं आणि एक मांडी

पासपोर्टातली कोरी पानं संपली तर काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: जुना द्यावा, नवा घ्यावा. मी जन्मभर वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, तेव्हा एका ओळीच्या उत्तरांवर माझा विश्वास होता. ही हकिकत त्या एका ओळीत अडकून पडलेल्या माणसाची आहे. तो माणूस मीच असल्यामुळे तपशिलात चूक होणार नाही, एवढी हमी देतो.

सुरुवातीलाच एक खुलासा. आम्ही कुंभकोणमची मराठी माणसं. घरात बोलतो ती भाषा पुण्याच्या माणसाला पणजोबांच्या पेटीतून काढल्यासारखी वाटते आणि उंबरठ्याबाहेर पडलो की आम्ही तमिळच बोलतो. त्यामुळे खालचे संवाद मी थोडे साफ करून दिले आहेत. हे संपादन आहे. मजकुराला हात लावलेला नाही.

माझी एकुलती एक मुलगी चैत्रा दक्षिण आफ्रिकेत डर्बनला एका इस्पितळात काम करते. तिचं लग्न तिथल्याच एका तमिळ घराण्यातल्या विघ्नेशशी ठरलं. त्या घराण्याला तमिळनाडू सोडून पाचसहा पिढ्या झाल्या. त्यांना तमिळ येत नाही, पण रीतिरिवाज असे कडक की इथले भटजी लाजतील. विघ्नेशच्या आजीला प्रवास झेपत नाही, म्हणून लग्न तिकडेच होणार होतं, आवणी या तमिळ महिन्यातल्या, म्हणजे साधारण श्रावणातल्या मुहूर्तावर. त्यांची अट एकच होती: मुलगी वडिलांच्या मांडीवर बसली पाहिजे आणि तिथे बसलेली असतानाच मुलाने तिच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं पाहिजे. ही मुळात आमची पद्धत नव्हे. इथल्या शेजाऱ्यांची आहे, पण आमचेच आजोबा-पणजोबा तशा मांड्या घालून बसत आले, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर चैत्रा जन्मली त्या दिवसापासून मला ही एकच गोष्ट करायची होती. बाकीचं लग्न कोणीही करो.

मांडीची ही जागा एकाच माणसाची असते आणि तो माणूस मुहूर्ताला तिथे हजर लागतो. ती टपालानं पाठवता येत नाही.

माझे गुडघे साठीनंतर माझ्याशी फटकून वागतात. म्हणून मी लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. सकाळी कॉफी झाली की दिवाणखान्यात पाटावर मांडी घालायची आणि जयश्रीने, म्हणजे माझ्या बायकोने, तांदळाचं एक छोटं पोतं माझ्या मांडीवर ठेवायचं. मग ती मंत्र म्हटल्यासारखं पुटपुटायची, "हलू नका. हलू नका. आता गाठ पडते आहे." खालच्या मजल्यावरचे चंद्रमौली मास्तर पेपर मागायला येत, दारात उभे राहून हा सोहळा पाहत आणि म्हणत, "राव सार, पोतं जरा डावीकडे कललंय."

चंद्रमौली हा माणूस या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे. त्याला टाळायचा मी बराच प्रयत्न करून पाहिला. प्रत्यक्षातही आणि लिहितानाही. गणिताचे निवृत्त मास्तर. चैत्राला लहानपणी गणित त्यांनीच शिकवलं, म्हणून तिने त्यांनाही लग्नाला बोलावलं. त्यांच्याकडे पासपोर्ट होता. एकदा घेतला, मुदत संपली म्हणून पुन्हा घेतला, आणि दोन्ही वेळा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. ते तिरुच्चीच्या पलीकडे गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. "माझ्या पासपोर्टावर माशीसुद्धा बसलेली नाही," असं ते अभिमानानं सांगत. मला तेव्हा हसू आलं होतं.

माझ्या पासपोर्टावर मात्र बरंच काही बसलं होतं. निवृत्तीनंतर एका यात्रा कंपनीबरोबर मी इतिहास सांगायला जात असे. कंबोडियाची देवळं, बालीची देवळं, श्रीलंकेची देवळं. यात्रेकरू दर्शन घ्यायचे, मी शिलालेखांबद्दल बोलायचो, आणि ते जेवणाबद्दल विचारायचे. कंबोडियाचा व्हिसा एक पान खातो, इंडोनेशियाचा एक खातो. बाकीची पानं मी खायला लावली. उपसंपादकाला पानाची मांडणी बिघडलेली सोसत नाही. एकावर एक चढलेले शिक्के, तिरके, अर्धे पुसलेले, हे पाहून मला ताप येतो. म्हणून मी प्रत्येक विमानतळावर काचेपलीकडच्या अधिकाऱ्याला नम्रपणे विनंती करायचो: "कृपा करून नव्या पानावर, मधोमध." बहुतेकांनी ऐकलं. माझा पासपोर्ट असा देखणा झाला होता की कोणत्याही छापखान्यात नमुना म्हणून लावावा. पासपोर्ट काढताना मला जास्त पानांचा हवा का असं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "एवढा कुठे जाणार मी!"

डर्बनच्या व्हिसाचं काम कविताकडे होतं. कविता म्हणजे महामहम कुंडाच्या वळणावरच्या एका एजन्सीतली मुलगी, स्वभावानं शांत, बोलणं नेमकं. तिने पासपोर्ट चाळला.

"सार, दोन कोरी पानं लागतात. पूर्ण कोरी."

"आहेत," मी म्हणालो. "समोरासमोर. बरोबर दोन."

"मग जपा," ती म्हणाली. "उद्या सकाळी आणून द्या, सगळ्यांचे एकदमच चेन्नईला पाठवते."

मी जपली. घरी येऊन पासपोर्ट देवघरात ठेवला, कारण आमच्या घरात देवघर ही एकच जागा आहे जिथून वस्तू हरवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेलो.

आमच्या गावात कोऱ्या गोष्टीला तसंच कोरं ठेवत नाहीत. लग्नपत्रिका असो, नवी वही असो, नवी स्कूटर असो, चारी कोपऱ्यांना हळद लागते, मध्ये कुंकू लागतं. आणि तमिळ माणूस कोऱ्या कागदावर काही लिहिण्याआधी माथ्यावर गणपतीची एक छोटी वळणदार खूण करतो, पिळ्ळैयार सुळी म्हणतात तिला. त्याशिवाय किराणा मालाची यादीसुद्धा सुरू होत नाही. मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा सासूबाई गंगाबाई देवासमोर बसल्या होत्या, शेजारी चंद्रमौली बॉलपेनचं टोपण लावत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये माझा पासपोर्ट उघडा पडला होता. दोन्ही कोऱ्या पानांच्या चारी कोपऱ्यांना ओली हळद. मधोमध कुंकू. वर ठसठशीत पिळ्ळैयार सुळी, निळ्या शाईत.

मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

"हीच पानं सापडली तुम्हाला?" शेवटी मी एवढंच म्हणू शकलो. "एवढी भरलेली पानं होती, त्यांना लावायचं!"

"भरलेल्या पानांस कशास लावूं?" गंगाबाई शांतपणे म्हणाल्या. "तीं पानें जाऊन आलीं. जीं जायचीं आहेत त्यांसच लावलें."

या युक्तिवादात चूक कुठे आहे ते मी अजून शोधतो आहे.

"आणि तुमच्या पासपोर्टाला?" मी चंद्रमौलींना विचारलं.

"तो काल संध्याकाळीच लॉकरमधून काढून कविताकडे दिला," ते म्हणाले. "मी कामं शेवटच्या दिवसावर ठेवत नाही, राव सार."

मग त्यांनी उपाय सुचवला. ते गणिताचे मास्तर. रसायनशास्त्रात त्यांनी जन्मभर ढवळाढवळ केली नव्हती, ती त्या दिवशी केली. "कापडाला हळद लागली की काय करतो आपण? साबण." ओल्या फडक्यावर अंगाचा साबण घेऊन त्यांनी एक कोपरा पुसला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे या गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, आणि त्या वेळी घरात दोन बायका होत्या. पण त्यांना कोणी विचारलं नाही. कोपरा रक्तासारखा लाल झाला. चंद्रमौली म्हणाले, "अजून थोडा लावला की जाईल." अजून थोडा लावला. दोन्ही पानं लाल झाली आणि कुंकू त्यांच्यावर पसरलं. पिळ्ळैयार सुळी तेवढी जागच्या जागी राहिली. शाई चांगली होती.

कविताने पासपोर्ट उघडला, मिटला आणि पुन्हा उघडला.

"सार, कोणाचा खून झालाय?"

"हळद आहे."

"हा पाठवून उपयोग नाही. तुम्ही नवा काढा. पानं संपली म्हणून अर्ज करा, सोपं असतं. वेळ आहे अजून. मी अम्मांचा आणि मास्तरांचा पुढे पाठवते."

त्या एका वाक्यात माझं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. रांगेत जयश्री, चंद्रमौली आणि मी असे तिघे होते आणि मी बाजूला झालो.

पासपोर्टाची कचेरी कोणत्या गावात आहे ते मी सांगत नाही, कारण तिथल्या कोणाचीही चूक नव्हती. हेच या प्रकरणातलं सर्वांत कडू. चूक असती तर मी वाचकांच्या पत्रव्यवहारात एक झणझणीत पत्र लिहिलं असतं. खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी अर्ज पाहिला. कारण: पानं संपली. मग पासपोर्ट पाहिला, सावकाश, एकेक पान. मधोमध मारलेल्या शिक्क्यांवर त्यांची नजर थोडी जास्त रेंगाळली असं मला वाटलं. मग त्या शेवटच्या दोन पानांशी आल्या.

"पानं संपलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "ही दोन शिल्लक आहेत. एकही शिक्का नाही."

"पण ती कोरी नाहीत. व्हिसावाले म्हणतात कोरी हवीत."

"कोरी नाहीत हे बरोबर आहे. पण संपलेलीही नाहीत. ती खराब झाली आहेत. हा खराब पासपोर्टाचा अर्ज आहे, पानं संपल्याचा नाही. कारण बदला, घडलेलं सगळं लेखी द्या, आणि पोलीस चौकशी होईल."

म्हणजे माझी ती दोन पानं व्हिसाच्या खिडकीत कोरी नव्हती आणि पासपोर्टाच्या खिडकीत संपली नव्हती. दोन्ही म्हणणी शंभर टक्के खरी. मी बाकावर बसून वेगळ्या शब्दांत हे वाक्य मांडता येतं का ते पाहिलं. नाही येत.

घरी चंद्रमौली जिन्यातच भेटले. "सोपं आहे," ते म्हणाले. "एकदा कोलंबोला जाऊन या. जाताना एक शिक्का, येताना एक. पानं संपली! मग साध्या अर्जानं नवा मिळेल." गणित म्हणून हे अचूक होतं. मी कविताला फोन केला. ती म्हणाली, "सार, ती रक्तासारखी पानं घेऊन विमानतळावर जाऊ नका. गेलात तर कुठे ठेवतील ते मला सांगता येणार नाही."

मग लेखी खुलासा. निदान हे काम माझं होतं. मी तो बातमीसारखा लिहिला: कोणी, काय, कुठे, केव्हा, का. "पारंपरिक श्रद्धेपोटी घरातील ज्येष्ठ सदस्येकडून अनवधानानं" वगैरे. चष्मेवाल्या बाईंनी तो वाचला आणि पेन काढलं.

"'पारंपरिक' नको. 'अनवधानानं' नको, त्यांनी मुद्दामच लावली ना? 'घरातील ज्येष्ठ सदस्या' म्हणजे कोण?"

"सासू."

"मग सासू लिहा."

त्यांनी माझा मजकूर निम्म्यावर आणला आणि तो आधीपेक्षा चांगला झाला. जन्मभर मी दुसऱ्यांच्या लेखनातली विशेषणं कापली. म्हातारपणी एका खिडकीतून माझी कापली गेली. मी सही करून बाहेर आलो.

आता फक्त पोलीस चौकशी उरली होती. ती चांगली व्हावी म्हणून जयश्रीने पट्टीश्वरमच्या दुर्गेला लिंबाचे दिवे लावायचा नवस बोलला होता. "लिंबू कापायचं, उलटं करायचं, त्यात तूप-वात. पण तुम्ही स्वतः लावायचे," ती म्हणाली. मी म्हणालो की पोलीस कोणत्याही दिवशी येतील. ती म्हणाली, "मंगळवारी दुपारी ते कशाला येतील? मंगळवारी राहूकाळात आपण देवळात असलो म्हणजे झालं." आम्ही गेलो. दिवे लावले. माझा एक दिवा दोनदा विझला. आम्ही परत येईपर्यंत कॉन्स्टेबल महालिंग येऊन चौकशी पूर्ण करून गेला होता.

घरात फक्त गंगाबाई होत्या, आणि साक्षीदार शेजारी म्हणून चंद्रमौलींना वर बोलावलं गेलं होतं. काय झालं ते मी दोघांना वेगवेगळं विचारलं. आमच्या धंद्यात तशी पद्धत आहे. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळलं. तसं ते नसतं जुळलं तर बरं झालं असतं.

महालिंगने आधी चंद्रमौलींना विचारलं, "हे सार इथे राहतात का?"

"राहतात," चंद्रमौली म्हणाले. "पण घरी क्वचितच. नेहमी परदेशात. कंबोडिया काय, बाली काय! पासपोर्टात पान उरलं नाही बघा." हे त्यांनी माझ्या कौतुकानं सांगितलं होतं. तसं ते अजूनही म्हणतात.

मग महालिंग गंगाबाईंकडे वळला आणि आजीला म्हणतात तसं पाट्टी म्हणून त्याने विचारलं. "पाट्टी, तुम्ही इथलेच ना?"

या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं द्यायला या जगातल्या कोणत्याही माणसाला जड गेलं नसतं. पण आमच्या लोकांना जातं. साडेतीनशे वर्षं या मातीत राहून, इथलं पाणी पिऊन, इथल्या देवांना नवस बोलून, आमची म्हातारी माणसं अजून तंजावर दरबाराच्या ओसरीत पाहुण्यासारखी बसलेली असतात. गंगाबाई ताठ झाल्या असणार.

"आम्ही इथले नव्हे," त्या म्हणाल्या. "आम्ही राजाबरोबर आलों."

"कोणत्या राजाबरोबर?"

"आमच्या राजाबरोबर. तिकडून. महाराष्ट्रांतून."

"केव्हा?"

"फार दिवस झाले."

"फार म्हणजे, पाट्टी? कागद आहेत का?"

"कागद घेऊन येतात का कोणी राजाबरोबर? घोड्यावरून आले."

महालिंगने चहा घेतला, नमस्कार केला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात धावलो. तो तरुण, सभ्य, गोल चेहऱ्याचा माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली आणि अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं. अर्जदार बहुतेक काळ परदेशात असतो, असं शेजाऱ्याचं म्हणणं. कुटुंब मूळचं परराज्यातलं असून येथे केव्हा आलं ते सांगता येत नाही, असं घरच्या ज्येष्ठ महिलेचं म्हणणं. कागदपत्रांची खातरजमा आवश्यक.

"हे तुम्ही असं कसं लिहिलंत?" मी विचारलं.

"पाट्टींनी असंच सांगितलं, सार. मी माझ्या मनाचं एक अक्षर घातलं नाही."

"पण त्या तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं बोलत होत्या!"

"ते त्या बोलल्या नाहीत, सार. बोलल्या असत्या तर लिहिलं असतं." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "पाट्टी खोटं बोलतील असं मला वाटलं नाही."

 किती मंत्र्यांनी, किती अधिकाऱ्यांनी बातमी छापून आल्यावर मला फोन केला असेल: आमचं म्हणणं तसं नव्हतं, संदर्भ वेगळा होता. मी प्रत्येकाला सांगितलं होतं: आपण बोललात ते आम्ही दिलं, त्यात आम्ही बदल करत नाही. महालिंगनेही बदल केला नाही. त्याने मला आणखी एक खुलासा लिहायला सांगितला, कागद घेतले, पोच दिली आणि समजावून सांगितलं की हे सगळं ज्या टेबलांवरून गेलं त्याच टेबलांवरून परत येईल. "काळजी नको. काम नक्की होईल." काम नक्की झालंच. तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबर ठरलं.

दरम्यान जयश्रीचा व्हिसा आला. चंद्रमौलींचाही आला. तो त्यांनी जिन्यात उभं राहून मला दाखवला. कोरा करकरीत पासपोर्ट, आणि मधल्याच कुठल्या तरी पानावर तिरका चिकटवलेला व्हिसा. माझ्या हातून नकळत तो सरळ करण्याचा प्रयत्न झाला. "राहू दे, राव सार," ते म्हणाले. "तिरका असला तरी चालतो."

मी रोज पोस्टमनची वाट पाहू लागलो. आधी खिडकीतून, मग गेटपाशी, मग थेट पोस्टात. तिथल्या माणसाने एक दिवस न विचारताच मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तो मला पाहताच आत जाऊ लागला.

विमानाच्या आदल्या आठवड्यात विघ्नेशच्या घरच्या भटजींना व्हिडिओ कॉलवर प्रश्न विचारला गेला: वडील आले नाहीत तर? भटजी इंग्रजीत म्हणाले की पित्याच्या स्थानी कोणी तरी बसायला हवं. काका, मामा, गुरू. फोनच्या छोट्या चौकोनात चैत्रा खाली बघत होती.

"गुरू," चंद्रमौली माझ्या मागून म्हणाले. ते केव्हा वर आले होते कोणास ठाऊक. "मी आहे ना. गणित मीच शिकवलं."



"मुहूर्त पुढे ढकलता येईल का?" चैत्राने विचारलं. तिच्या मागे कोणी तरी काही तरी म्हणालं. विघ्नेशची आजी बहुधा. चैत्राने मागे वळून ऐकलं. मग म्हणाली, "अप्पा, पासपोर्ट येईल ना हो?"

"येईल," मी म्हणालो. माझ्याकडे त्याला एकही आधार नव्हता. आधार नसलेली बातमी मी त्या दिवशी दिली.

जयश्री त्या संध्याकाळी माझ्याशी भांडली. मी का भांडत नाही, म्हणून भांडली. "सगळ्यांचं खरं आहे, सगळ्यांचं बरोबर आहे! एकदा तरी म्हणा की मेल्यांनी माझा घात केला!" मी म्हणालो की घात कोणीच केलेला नाही, तपासून पाहिलं आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटली. त्या आवाजाला गंगाबाई म्हणाल्या, "काय गा तें? कोणी आलें कीं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रमौली दारात उभे राहिले. पेपर मागितला नाही. "ते पोतं," ते म्हणाले. "सरावाचं. गुडघे माझेही..."

मी स्वतः उचलून दिलं. जिन्यातून खाली नेताना त्यांनी ते खांद्यावर घेतलं होतं. मग दररोज सकाळी खालच्या मजल्यावरून त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "हलू नका." मी त्या वेळी बाजारात जाऊ लागलो.

लग्न मी टीव्हीवर पाहिलं. चैत्राच्या एका मैत्रिणीने फोन धरला होता आणि चित्र इतकं स्वच्छ येत होतं की त्याचंही दुःख व्हावं. गंगाबाई नव्या लुगड्यात खुर्चीवर बसल्या. मीही नवी वेष्टी नेसलो होतो. कशासाठी, ते कोणी विचारलं नाही. मुहूर्त जवळ आला. चंद्रमौली पाटावर बसले, जरीकाठी उपरणं, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर असा भाव की डर्बन शहर त्यांनीच वसवलं. नादस्वर जोरात वाजला. चैत्रा आली, वळली, बसली. फोन धरणाऱ्या मुलीने खाली वाकून कुठून तरी कोपऱ्यातून दाखवलं, त्यामुळे मला बराच वेळ चैत्राची पावलंच दिसत होती. मेंदी लावलेली, बोटं जमिनीत रुतवल्यासारखी. विघ्नेशने गाठ मारली. अक्षता पडल्या. गंगाबाईंनी आमच्या टीव्हीवर अक्षता टाकल्या. ते तांदळाचे दाणे अजून त्याच्या मागे कुठे तरी आहेत.

पासपोर्ट त्या आठवड्यात आला. साठ पानांचा, कारण आता मी शिकलो होतो. पोस्टमनने सही घेतली आणि आपुलकीनं विचारलं, "आता कुठे जाणार, सार?" मी त्याला म्हणालो, "कुठे तरी." आत आलो तर गंगाबाईंनी हात पुढे केला.

"हळद आण गा," त्या म्हणाल्या.

पासपोर्ट मी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.  संध्याकाळी कपाटाच्या दाराला हळदीचं एक बोट लागलेलं होतं.

जयश्री आणि चंद्रमौली परत आले. दुसऱ्याच सकाळी चंद्रमौली वर आले, पोतं खांद्यावर घेऊन. दारात ठेवलं. मी कॉफी दिली. त्यांनी पासपोर्ट आणला होता. एका पानावर येण्याजाण्याचे दोन्ही शिक्के एकावर एक चढलेले, एक उलटा. मांडणी म्हणून त्याबद्दल बरंच बोलता आलं असतं. मी पासपोर्ट परत दिला.

त्यांनी कॉफी अर्धी प्यायली. डर्बनच्या समुद्राबद्दल, तिथल्या वड्यांबद्दल बोलले, मग थांबले. त्यांना काही तरी खुपत होतं, आणि ते राग आल्यासारखे बोलले.

"एक सांगू, राव सार? तुमचं हे पोतं जड आहे. मी आठवडाभर तेच धरलं. तयारी होती माझी. पण पोरीचं वजनच लागलं नाही. बसली, पण टेकली नाही. मंत्र चालले, गाठ पडली, उठली. माझ्या मांडीला काही कळलंसुद्धा नाही. असं असतं का हो?"

मी म्हणालो की असेल. त्यांनी कॉफी संपवली आणि पेपर न घेता खाली गेले.

एका माणसाच्या सांगण्यावरून बातमी देऊ नये, असा आमच्या धंद्यातला नियम. मी स्वयंपाकघरात गेलो. जयश्री पोत्याचं तोंड उसवून तांदूळ डब्यात ओतत होती. मी विचारलं, चंद्रमौली म्हणतात ते खरं का.

तिने ओतणं थांबवलं नाही.

"दोन दिवस तिच्या पोटऱ्या दुखत होत्या," ती म्हणाली. "मीच तेल चोळलं."